कालचे परके, आजचे यजमान

(रविवारचे चिंतन : लूक १६:१९-३१, लेवीय १९:३३-३४)



प्रभू येशूने आपल्या दाखल्यांतून कितीतरी माणसे रंगवली. पेरणारा शेतकरी, उधळ्या मुलगा, दयाळू शमरोनी, अन्यायी न्यायाधीश. यांपैकी कोणालाच त्याने नाव दिले नाही. नाव मिळाले ते एकट्या लाजरला, जो श्रीमंताच्या दारात पडून होता. जांभळी वस्त्रे नेसणारा तो धनवान मात्र बिननावाचाच राहिला.

या दाखल्यातली एक गोष्ट आपल्या नजरेतून बहुधा निसटते. मेल्यानंतर यातना भोगताना तो श्रीमंत मनुष्य अब्राहामाला विनंती करतो, की लाजरला माझ्याकडे पाठव. म्हणजे त्याला लाजरचे नाव ठाऊक होते! दारात कोण पडले आहे, हे तो पुरते जाणून होता. त्याने लाजरला मारले नाही, शिवी दिली नाही, हाकलूनही दिले नाही. तो फक्त त्याच्या बाजूने ये-जा करीत राहिला. आणि गंमत अशी, की नरकात पोचल्यावरही तो लाजरला पाणी आणणारा गडीच समजतो.

या दाखल्याच्या उजेडात आज आपण इतिहासाचे एक पान वाचणार आहोत. युरोप किंवा अमेरिका म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे श्रीमंती येते, व्हिसाच्या रांगा येतात. पण दीड-पावणेदोन शतकांपूर्वी युरोपातूनच माणसे बाहेर पडत होती. १८१५ ते १९३० या काळात सुमारे पाच कोटी युरोपीय माणसे घरदार सोडून समुद्रापलीकडे गेली. ती सगळी काही साहसासाठी गेली नाहीत. त्यांतली बरीचशी पोटासाठी गेली. त्यांत लक्षावधी आपल्यासारखेच कॅथलिक होते, गळ्यात रोझरी घातलेले, पायांत फाटके जोडे असलेले.

बटाटा कुजला तेव्हा

आयर्लंडमधला गरीब शेतकरी एकोणिसाव्या शतकात जवळजवळ पूर्णपणे बटाट्यावर जगत होता. जमीन जमीनदाराची, त्यातले बरेचसे जमीनदार इंग्लंडमध्ये राहणारे. धान्य पिकवायचे ते खंड भरण्यासाठी, गुरे पाळायची तीही त्यासाठीच. घरच्यांच्या पोटात जायचा तो तुकडाभर जमिनीत लावलेला बटाटा. १८४५ च्या शरद ऋतूत या पिकावर एक बुरशीसारखा रोग आला. जमिनीतून काढलेला बटाटा काही दिवसांत काळा पडून सडू लागला. १८४६ साली तर जवळजवळ सगळेच पीक गेले. १८४७ हे वर्ष आयरिश लोकांच्या स्मरणात 'काळे सत्तेचाळीस' म्हणून राहिले आहे. १८५२ पर्यंत सुमारे दहा लाख माणसे भुकेने आणि भुकेमागून आलेल्या तापाने मेली, आणि सुमारे दहा लाख देश सोडून गेली. १८४१ च्या जनगणनेत त्या बेटावर ८१ लाखांहून अधिक माणसे होती. १८५१ मध्ये सुमारे ६५ लाख उरली. आजही त्या बेटाची लोकसंख्या १८४१ च्या आकड्याला पोचलेली नाही.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना एक भेद आम्हाला बारकाईने शिकवला जाई : निसर्गातले अरिष्ट वेगळे आणि माणसाच्या इच्छेतून घडलेले अरिष्ट वेगळे. रोग निसर्गाचा होता. पण भूक? माणसे मरत होती तेव्हा आयर्लंडच्या बंदरांतून धान्य, लोणी आणि गुरे बोटींत भरून इंग्लंडकडे जातच होती. बाजारात सरकारने हात घालू नये, तो आपोआप सगळे सुरळीत करतो, अशी तेव्हाच्या राज्यकर्त्यांची जणू धर्मश्रद्धाच होती. मदतकार्याची सूत्रे लंडनच्या तिजोरीखात्यात चार्ल्स ट्रेव्हेलियन यांच्या हाती होती. हे गृहस्थ तरुणपणी हिंदुस्थानात नोकरी करून गेलेले आणि पुढे मद्रासचे गव्हर्नर झालेले. दुष्काळामागे ईश्वरी योजना आहे, अशी त्यांची धारणा होती! पुढे १८७६-७८ साली आपल्या दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला, तेव्हाही माणसे मरत असताना देशातले धान्य बाहेर जातच राहिले. विचार तोच होता.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकातच शिकवले होते, की माणूस अगदी प्राणांतिक गरजेत असेल तेव्हा सृष्टीतली संपत्ती सर्वांची होते. अशा वेळी जीव वाचवण्यासाठी दुसऱ्याचे घेणे ही चोरी ठरत नाही. पण ज्यांच्या हाती कोठाराच्या किल्ल्या होत्या त्यांनी पुस्तक वेगळे वाचले होते. लंडनला रोज अहवाल जात होते, आकडे जात होते. त्या श्रीमंत माणसाप्रमाणेच त्यांनाही लाजरचे नाव ठाऊक होते.

त्यातच १८४७ मध्ये नियम आला, की ज्याच्याकडे पाव एकरापेक्षा अधिक जमीन आहे त्याला सरकारी मदत मिळणार नाही. जमीन सोड आणि मग भाकरी माग! हजारो कुटुंबांनी जमीन सोडली. ती बाहेर पडताच छप्पर पाडले जाई, म्हणजे परतायला जागाच नको. काही जमीनदारांना तर कुळे पोसण्यापेक्षा त्यांचे बोटीचे भाडे भरणे स्वस्त वाटले. रॉसकॉमन परगण्यातील स्ट्रोक्सटाउनच्या जमीनदाराने १८४७ साली चौदाशेहून अधिक कुळांना अशा तऱ्हेने कॅनडाकडे रवाना केले. त्यातले कितीतरी जण वाटेतच गेले.

जिवंत माणसासाठी जागरण

माणूस वारला की त्याच्या देहापाशी रात्रभर जागत बसायचे, ही आयरिश लोकांची जुनी प्रथा. अमेरिकेला निघालेल्या मुलासाठी किंवा मुलीसाठीही तेथील खेड्यांत असेच जागरण होऊ लागले. शेजारीपाजारी जमत. गाणी होत, नाच होई, आणि मधूनच कोणी म्हातारी बाई मेलेल्यासाठी करतात तसा विलाप करी. पहाटे सगळे गाव वेशीपर्यंत पोचवायला जाई. कारण एकच. गेलेले लेकरू पुन्हा दिसेल अशी आशा कोणालाच नव्हती. जिवंत मुलीचे अंत्यसंस्कार करून तिला निरोप दिला जात होता, असे म्हटले तरी चालेल.

आपल्यापैकी ज्या आयांनी सहारच्या विमानतळाच्या काचेपलीकडे दिसेनासा होणारा मुलगा पाहिला आहे, त्यांना हे जागरण समजावून सांगायला नको. पण आपल्याला रात्री फोनवर त्याचा चेहरा दिसतो. त्या आयांना पत्र आले तर यायचे. आणि पत्रात बहुधा पैसे असायचे. न्यूयॉर्क-बोस्टनमध्ये मोलकरीण म्हणून राबणाऱ्या मुली पैसे साठवून धाकट्या भावंडांचे तिकीट काढून पाठवत. एक पोर गेले की मागून दुसरे जाई. कुटुंबेच्या कुटुंबे अशी एकमेकांचा हात धरून समुद्र ओलांडून गेली.

ग्रोस-ईलचे बेट

त्या काळी कॅनडाहून इमारती लाकूड घेऊन जहाजे इंग्लंड-आयर्लंडला येत. परतताना ती रिकामी जाण्याऐवजी त्यांत माणसे भरली जात. लाकडासाठी बांधलेल्या अंधाऱ्या तळात शेकडो माणसे, पाणी अपुरे, अन्न अपुरे, प्रवास सहा आठवड्यांचा किंवा त्याहून अधिक. त्यातच तापाची साथ. या जहाजांना लोक 'शवपेट्यांची जहाजे' म्हणू लागले.

सेंट लॉरेन्स नदीत क्वेबेक शहराच्या अलीकडे ग्रोस-ईल नावाचे छोटे बेट आहे. १८३२ पासून तेथे आजारी प्रवाशांना वेगळे ठेवण्याची व्यवस्था होती. १८४७ च्या उन्हाळ्यात तेथे जहाजांची रांग लागली. त्या एका वर्षात त्या बेटावर पाच हजारांहून अधिक माणसे पुरली गेली. १९०९ साली उभारलेला एक उंच क्रूस आज तेथे उभा आहे.

पण बंधू-भगिनींनो, या काळ्या पानावर देवाची अक्षरेही आहेत. ती आपण नीट वाचली पाहिजेत.

तापाने भरलेल्या त्या तंबूंत आणि छपरांत फ्रेंच भाषा बोलणारे कॅनडातील धर्मगुरू गेले. पापनिवेदन ऐकायला मरणाऱ्याच्या तोंडाजवळ कान न्यावा लागतो. एवढ्या जवळ गेल्यावर ताप लागण्याचा धोका असे. अनेक धर्मगुरू आजारी पडले, काही वारले. मॉन्ट्रिअलमध्ये 'करड्या झग्याच्या सिस्टर्स' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भगिनी नदीकाठच्या शेडमध्ये रुग्णांची सेवा करू लागल्या. एकामागून एक त्या अंथरुणाला खिळल्या, काहींनी प्राण सोडला. जागा भरायला दुसऱ्या सिस्टर्स आल्या. टोरांटोचे पहिले बिशप मायकल पॉवर स्थलांतरितांच्या सेवेत ताप येऊन १ ऑक्टोबर १८४७ रोजी वारले. मॉन्ट्रिअलचे महापौर जॉन ईस्टन मिल्स हे कॅथलिक नव्हते. तेही या परक्या आजाऱ्यांची शुश्रूषा करीत त्याच वर्षी नोव्हेंबरात गेले.

आणि ती पोरकी मुले! आईबाप जहाजात किंवा बेटावर गेलेले, भाषा कोणाला कळत नाही. क्वेबेकच्या धर्मग्रामांतून धर्मगुरूंनी हाक दिली आणि फ्रेंच शेतकरी कुटुंबे पुढे आली. एकेका घराने एकेक मूल नेले. ती मुले फ्रेंच बोलत मोठी झाली, पण बऱ्याच घरांनी त्यांची आयरिश आडनावे पुसली नाहीत. पुढे क्वेबेकमध्ये आयरिश आडनावाची आणि फ्रेंच बोलणारी माणसे आढळू लागली, त्यामागे हीदेखील कहाणी आहे. दारातल्या लाजरचे नाव जपणे म्हणतात ते याला.

आणखी एक गोष्ट. १८४७ मध्येच अमेरिकेतल्या चोक्तॉ नावाच्या आदिवासी जमातीला आयर्लंडच्या दुष्काळाची वार्ता समजली. या लोकांची स्वतःची जमीन अमेरिकन सरकारने हिसकावून घेतली होती. १८३१ पासून त्यांना शेकडो मैल पायी चालवत पश्चिमेकडे हाकलले गेले होते, आणि हजारो माणसे त्या वाटेत थंडी, भूक आणि रोगाने मेली होती. अशा लोकांनी आपल्या गरिबीतून वर्गणी काढली. सर्वसाधारणपणे सांगितला जाणारा आकडा १७० डॉलरचा आहे. त्यांनी न पाहिलेल्या, समुद्रापलीकडच्या माणसांसाठी तो पैसा पाठवला. मंदिरातल्या विधवेची दोन नाणी आठवतात ना? आयरिश लोक हे ऋण विसरले नाहीत. त्या दानाच्या स्मरणार्थ कॉर्क परगण्यात मिडलटन येथे पोलादी पिसांचे शिल्प उभे आहे. २०२० च्या कोरोनाच्या साथीत अमेरिकेतील नावाहो आणि होपी या आदिवासी समाजांसाठी निधी जमा होत होता, तेव्हा असंख्य आयरिश माणसांनी चोक्तॉंच्या त्या दानाची आठवण ठेवून पैसे पाठवले.

विसरणारे हात

येथेच थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती. पण प्रवचनात अर्धे सत्य सांगू नये.

अमेरिकेत पोचलेल्या आयरिशांचे स्वागत कसे झाले? १८४४ साली फिलाडेल्फिया शहरात स्थलांतरितविरोधी दंगलीत संत मायकल आणि संत ऑगस्टीन ही दोन कॅथलिक चर्चेस जाळण्यात आली. हे लोक घाणेरडे आहेत, दारू पितात, पोरे फार करतात, कमी मजुरीत राबून आमची कामे हिसकावतात, यांची निष्ठा परक्या धर्मपीठाशी आहे, असे आरोप होत. नोकरीच्या जाहिरातीत आयरिश माणसाने अर्ज करू नये असेही छापलेले असे. तरीही ते टिकले. मोलकरणींच्या आणि हमालांच्या पैशांतून त्यांनी चर्चेस उभी केली. न्यूयॉर्कच्या भव्य संत पॅट्रिक कॅथेड्रलची कोनशिला १८५८ मध्ये बसवली गेली आणि १८७९ मध्ये ते खुले झाले. ती बसवणारे आर्चबिशप जॉन ह्यूज स्वतः आयर्लंडहून आलेले, तरुणपणी माळीकाम केलेले. आणि ज्या संत पॅट्रिकचे नाव त्या कॅथेड्रलला दिले, तेदेखील मूळचे आयरिश नव्हते. कोवळ्या वयात त्यांना ब्रिटनमधून पळवून आयर्लंडला गुलाम म्हणून नेले होते!

मग काय झाले? १८६३ च्या जुलैत सक्तीच्या लष्करभरतीवरून न्यूयॉर्कमध्ये दंगल पेटली. रस्त्यावरच्या जमावात आयरिश मजुरांचा मोठा भरणा होता. त्या जमावाने आपला राग काढला तो कृष्णवर्णीयांवर. निष्पापांना मारले, आणि कृष्णवर्णीय मुलांचे अनाथालय जाळून टाकले. दोनशेहून अधिक मुले आत होती. ती कशीबशी मागच्या वाटेने वाचली. स्वतःची चर्चेस जळताना ज्यांनी पाहिली होती, त्या समाजातल्या हातांनीच एकोणीस वर्षांनी अनाथांच्या घराला आग लावली.

त्यानंतर इटालियन आले. १८८० ते १९२० या चाळीस वर्षांत ४० लाखांहून अधिक इटालियन माणसे अमेरिकेत उतरली. तीही गरीब, तीही कॅथलिक. आतापर्यंत आयरिश स्थिरावले होते. पोलीस, नगरपालिका, चर्च, सगळीकडे त्यांचा शब्द चाले. नवी माणसे मिस्सेला आली तेव्हा न्यूयॉर्कच्या काही चर्चेसमध्ये त्यांना सांगण्यात आले : तुमची मिस्सा खाली, तळघरात. वर आमची वेदी, वर आमची बाके. पूर्व हार्लेममध्ये कार्मेल मातेच्या चर्चला तर इटालियन लोकांनी बांधकामाला हात लावला होता, आणि तरीही त्यांना व त्यांच्या मातेच्या मूर्तीला कितीतरी वर्षे तळघरातच राहावे लागले.

एकच विश्वास, एकच ख्रिस्तप्रसाद. वरच्या मजल्यावर कालचे लाजर बसले होते, आणि तळघरात आजचे.

मिलानचे स्टेशन

हा अन्याय पाहून ज्यांचे मन पेटले त्यांत दोन नावे ठळक आहेत. पहिले नाव संत जॉन बाप्टिस्ट स्कालाब्रिनी यांचे. १८७६ मध्ये ते पियाचेन्झाचे बिशप झाले. एकदा मिलानच्या रेल्वे स्टेशनवर त्यांनी पाहिले, की प्रतीक्षालय, बाजूचे ओटे, बाहेरचा चौक, सगळीकडे शेतकरी कुटुंबे बसली आहेत. वाकलेले म्हातारे, धट्टेकट्टे पुरुष, अंगावर पिणारी लेकरे घेतलेल्या बाया. सर्वांचे डोळे एकाच दिशेला, समुद्राकडे. बिशपांना ते दृश्य विसरता आले नाही. १८८७ साली त्यांनी इटालियन स्थलांतरावर एक पुस्तिका लिहिली आणि त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला स्थलांतरितांची सेवा करणाऱ्या धर्मगुरूंचा संघ स्थापन केला. माणसामागे दलाली घेऊन भोळ्या शेतकऱ्यांना फसवणाऱ्या एजंटांविरुद्ध त्यांनी आवाज उठवला, कायद्यासाठी पाठपुरावा केला. स्वतः १९०१ मध्ये अमेरिकेला आणि १९०४ मध्ये ब्राझीलला जाऊन आपली माणसे कशी जगतात ते पाहिले. त्यांची शिकवण थोडक्यात सांगायची तर अशी : देश सोडून जाण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, पण कोणाला देश सोडायला भाग पाडण्याचा हक्क कोणालाच नाही. पोप फ्रान्सिस यांनी ९ ऑक्टोबर २०२२ रोजी त्यांना संतपद दिले.

दुसरे नाव संत फ्रान्सिस झेवियर काब्रिनी यांचे. लहानपणी कागदाच्या होड्यांत फुले ठेवून त्यांना 'मिशनरी' म्हणून पाण्यात सोडणारी ही मुलगी एकदा पाण्यात पडली आणि जन्मभर पाण्याला भ्यायली. प्रकृती इतकी नाजूक, की सिस्टर व्हायलाही तिला नकार मिळाला होता. आपल्या जुन्या गोव्यात ज्यांचे पवित्र अवशेष आहेत त्या संत फ्रान्सिस झेवियर यांचे नाव तिने मोठ्या आवडीने घेतले, कारण तिला पूर्वेकडे, चीनला जायचे होते. पोप तेरावे लिओ यांनी मात्र तिला पश्चिमेकडे जायला सांगितले. ३१ मार्च १८८९ रोजी सहा सिस्टर्सना घेऊन ती न्यूयॉर्कला उतरली. तेथील आर्चबिशपांनी सांगितले, की घराची सोय झालेली नाही, तुम्ही आल्या बोटीने परत जा. पोपमहाशयांनी पाठवले आहे, मी येथेच राहणार, असे नम्रपणे सांगून ती राहिली! १८९१ मध्ये न्यू ऑर्लीन्स शहरात जमावाने ११ इटालियनांना ठार मारले होते. दुसऱ्याच वर्षी ती तेथे जाऊन कामाला लागली. पाण्याला भिणाऱ्या या बाईने वीसहून अधिक वेळा अटलांटिक ओलांडला आणि शाळा, अनाथालये, रुग्णालये अशा ६७ संस्था उभ्या केल्या. १९४६ साली त्या संत घोषित झाल्या आणि १९५० मध्ये स्थलांतरितांच्या आश्रयदात्या.

आपले दार, आपला लाजर

आता आपल्या धर्मग्रामाकडे येऊ.

आपल्यातले कितीतरी जण कुवेतला, दुबईला, इस्राएलला, कॅनडाला आहेत. कितीजण बोटीवर आहेत. आपल्या वसईच्या मातीतला पहिला संत गोन्सालो गार्सिया हाही परदेशी गेलेलाच होता. १५९७ मध्ये नागासाकीला त्याने क्रूसावर प्राण दिला. तेव्हा परदेश म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवण्याची गरज नाही.

गेल्या महिन्यात झारखंड आणि ओडिशाहून आलेल्या आपल्या भागातल्या काही कॅथलिक कुटुंबांनी पॅरिश कौन्सिलकडे अर्ज केला. महिन्यातून एका रविवारी दुपारी हिंदीतून मिस्सा मिळावी, एवढीच मागणी. यांतले पुरुष इमारतींच्या कामावर आहेत, बाया घरकामाला जातात. रविवारी ही मंडळी आपल्या मागच्या बाकांवर आणि दाराशी उभी असतात. कौन्सिलमध्ये चर्चा झाली, गावातही झाली. काहींनी म्हटले, 'द्या की, पण चर्चमध्ये नको, मागच्या हॉलमध्ये द्या.' काहींनी म्हटले, 'आज मिस्सा मागतात, उद्या कौन्सिलवर येतील. मग आपल्या मराठीचे काय?'

या बोलण्यामागची भीती मी थट्टेवारी नेणार नाही. गेल्या काही दशकांत आपल्या वाड्या गेल्या, विहिरी बुजल्या, केळीच्या बागांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. आपलीच भूमी परकी होत चालल्याचे दुःख खरे आहे. पण ही इमारत कोणी उभी केली? जमीन विकणाऱ्याने, ती घेणाऱ्या बिल्डरने, परवानगी देणाऱ्याने. डोक्यावर घमेले वाहणाऱ्या माणसाने ती बांधली, पण ती त्याच्या मालकीची नाही. तो तर पत्र्याच्या खोलीत राहतो. बिल्डरला आपण लग्नाला बोलावतो आणि राग मजुरावर काढतो, हे न्यूयॉर्कच्या १८६३ च्या जमावापेक्षा फार वेगळे नाही. भीतीने आपले वागणे समजते. त्याने ते योग्य ठरत नाही.

आणि मराठीचे म्हणाल, तर ज्याला स्वतःच्या भाषेची माया आहे त्यालाच दुसऱ्याची तहान कळायला हवी. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपूर्वी आपल्या आज्या-पणज्या लॅटिन मिस्सा ऐकत माळ जपत बसत. मातृभाषेत वेदीवरचे शब्द पहिल्यांदा ऐकले तेव्हा त्यांना काय वाटले असेल! ती भेट आपल्याला मिळाली. परदेशात आपली मुले वर्षातून एकदा-दोनदा जमून मराठी मिस्सा साजरी करतात, त्यावेळी ते चर्च कोणाचे असते? कोणा परक्या धर्मग्रामाचे. तेथे कोणी त्यांना 'तळघरात जा' म्हटले तर आपल्या जिवाला काय वाटेल?

लेवीय ग्रंथात परमेश्वर इस्राएल लोकांना बजावतो, की तुमच्यामध्ये राहणाऱ्या परक्यावर स्वतःप्रमाणे प्रेम करा. आणि त्याचे कारण देतो ते त्यांच्या आठवणीतले, की मिसर देशात तुम्हीही असेच परके होता. आयरिश लोकांनी चोक्तॉंचे ऋण लक्षात ठेवले तेव्हा ते देवाच्या जवळ होते. तळघराचे दार दाखवले तेव्हा ते देवापासून दूर होते. माणसे तीच. फरक पडला तो आठवणीने.

म्हणून प्रमुख धर्मगुरू या नात्याने माझे मत मी येथे स्पष्ट लिहितो, म्हणजे कोणाला तर्क करायला नको. ही मिस्सा होईल तर आपल्या वेदीवर होईल, हॉलमध्ये नाही. कौन्सिलच्या पुढच्या बैठकीत मी हेच सांगणार आहे. तुमचे मत वेगळे असेल तर बैठकीपूर्वी मला येऊन भेटा, मी ऐकेन. पण येण्याआधी आजचे शुभवर्तमान घरी एकदा सावकाश वाचा.

तोवर तीन साध्या गोष्टी आपण करू शकतो.

पहिली, पुढच्या रविवारी मिस्सेनंतर दाराशी उभ्या असलेल्या एका माणसाचे नाव विचारा. नुसते नाव. आणि पुढच्या आठवड्यात त्याच नावाने हाक मारा.

दुसरी, त्यांच्या मुलांचे धर्मशिक्षण, बाप्तिस्म्याचे दाखले, शाळेतील प्रवेश यांत अडचणी येतात. आपल्यातल्या निवृत्त शिक्षकांनी आठवड्याचा एक तास द्यावा. ज्यांची तयारी आहे त्यांनी कार्यालयात नाव नोंदवावे.

तिसरी, ज्यांची मुले परदेशी निघाली आहेत त्यांनी एजंटाला पैसे देण्याआधी कागदपत्रे जाणत्या माणसाला दाखवावीत, आणि मूल जेथे जाईल तेथल्या धर्मग्रामाचा पत्ता आम्हाला द्यावा. आम्ही तेथील धर्मगुरूंना पत्र लिहू. आपल्या लेकराला तेथे कोणीतरी नावाने हाक मारली पाहिजे.

प्रार्थना

हे प्रभू येशू, तान्हा असताना तूच आईच्या मांडीवर बसून मिसर देशात परागंदा झालास. परक्या गावात दार ठोठावणे म्हणजे काय, हे मारिया आणि योसेफ जाणतात. समुद्रात, बेटांवर आणि वाटेत ज्यांनी प्राण सोडला त्या सर्व स्थलांतरितांना चिरशांती दे. दूर देशी राबणाऱ्या आमच्या लेकरांना सांभाळ. आमच्या दाराशी उभा असलेला लाजर आम्हाला दिसू दे, त्याचे नाव आमच्या ओठी येऊ दे, आणि अब्राहामाच्या मांडीवर तो बसेल त्या दिवशी आमच्या आणि त्याच्यामध्ये दरी राहू नये, एवढी कृपा कर. संत फ्रान्सिस झेवियर काब्रिनी, संत जॉन बाप्टिस्ट स्कालाब्रिनी, आम्हासाठी विनंती करा. आमेन.

— तुमचा प्रमुख धर्मगुरू